जुना लॅपटॉप: आत काय असतं, काय बदलता येतं आणि कुठे हात लावू नये

शिरवळमध्ये घरांत साधारण दोन प्रकारचे जुने लॅपटॉप सापडतात. एक, मोठ्या मुलाच्या डिप्लोमाला किंवा इंजिनिअरिंगला दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेला आणि आता कपाटावर कापडात गुंडाळून ठेवलेला. दुसरा पुण्याहून आणलेला सेकंडहँड. डेलचा लॅटिट्यूड, एचपीचा एलिटबुक किंवा लेनोवोचा थिंकपॅड असेल तर तो बहुतेक वेळा एखाद्या कंपनीच्या ऑफिसात तीन-चार वर्षं वापरून निघालेला असतो. पुणं इथून पन्नासेक किलोमीटर, त्यामुळे असा माल आपल्याकडे सहज येतो.

दोन्हींबद्दल तक्रार एकच: स्लो झालाय, तापतो, बॅटरी टिकत नाही. मग घरात चर्चा सुरू होते की नवीन घ्यावा. धाकट्या मुलीला कॉलेजला लॅपटॉप हवा असतो, शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायचे असतात, आणि नवीन मशीनचा खर्च महिन्याच्या पगाराएवढा किंवा त्याहून जास्त. आमचं म्हणणं एवढंच की निर्णय घेण्याआधी ते जुनं मशीन समजून घ्या. बऱ्याच वेळा दोन पार्ट आणि एका दुपारची साफसफाई एवढ्यावर काम भागतं. काही वेळा भागत नाही, तेही खाली लिहिलं आहे.

आधी मशीन ओळखा

लॅपटॉप उलटा केला की स्टिकरवर मॉडेल नंबर असतो. तो एका कागदावर लिहून घ्या, कारण कुठलाही पार्ट आणायला गेलात की पहिला प्रश्न तोच. प्रोसेसरचं वय त्याच्या आकड्यातून कळतं. आय५-३३२० लिहिलं असेल तर सुरुवातीचा ३ म्हणजे तिसरी पिढी, साधारण २०१२ सालची. आय५-८२५० म्हणजे आठवी पिढी. आय५-१०२१० म्हणजे दहावी. "आय५ आहे" एवढंच सांगून दुकानदार भाव लावत असेल तर पुढचा आकडा विचारा. तिसऱ्या पिढीचा आय५ आणि आठव्या पिढीचा आय५ यांच्यात नाव सोडलं तर फारसं काही सारखं नाही.

कंपनीतून निघालेला लॅपटॉप घेताना आणखी एक गोष्ट तिथेच बघायची. सुरू करून बायोसमध्ये शिरा (डेलला एफ२, एचपीला एफ१०, लेनोवोला एफ१). पासवर्ड मागितला आणि विकणाऱ्याला तो माहीत नसेल, तर सौदा सोडून द्या. हा पासवर्ड विंडोज नव्याने टाकून जात नाही, बोर्डावरच्या चिपमध्ये बसलेला असतो.

स्लो का होतो

लोकांना वाटतं जुना झाला म्हणून प्रोसेसर थकला. प्रोसेसर थकत नाही. जुन्या लॅपटॉपमध्ये अडकतं ते हार्ड डिस्कपाशी. ती म्हणजे मिनिटाला ५,४०० फेऱ्या मारणारी तबकडी, आणि त्यावर सरकणारा एक छोटा हात. फाईल इकडे-तिकडे विखुरलेली असली की हा हात सारखा पळत राहतो, आणि कितीही पळाला तरी सेकंदाला शंभरच्या आसपास जागी पोचतो. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नाही, ती हेच काम सेकंदाला हजारो वेळा करते.

खात्री करायची असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. मशीन सुरू होऊन पाच-दहा मिनिटं झाली, तुम्ही काही करत नाही, तरी 'डिस्क' या रकान्यात १०० टक्के दिसतंय आणि प्रोसेसर आरामात बसलाय, असं असेल तर रोग सापडला. 'मेमरी' ८५-९० टक्क्यांवर अडकली असेल तर रॅम कमी पडते आहे. बहुतेक जुन्या मशीनमध्ये दोन्ही असतं. पैसे एकाच गोष्टीला असतील तर आधी एसएसडी घ्या, रॅम नंतर.

एसएसडी घेताना आकार बघावा लागतो. २०१५ च्या आधीच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा ड्राइव्ह बसते, आणि त्याच जागी साटा एसएसडी सरळ बसते. जुनी हार्ड डिस्क साडेनऊ मिलिमीटर जाडीची, नवी एसएसडी सात मिलिमीटरची. मधली फट भरायला प्लास्टिकची चौकट मिळते, नाहीतर जुन्या ब्रॅकेटला स्क्रूने आवळली तरी पुरतं. नंतरच्या मशीनमध्ये च्युइंगगमच्या पट्टीसारखी एम-डॉट-टू असते. तिच्यात दोन जाती आहेत, साटा आणि एनव्हीएमई. दिसायला सख्ख्या बहिणी, पण एकीच्या जागी दुसरी चालेलच असं नाही. म्हणून मॉडेल नंबर.

ज्यांच्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह आहे त्यांना आणखी एक सोय आहे. ती काढून तिथे 'कॅडी' नावाचा खोका बसतो आणि जुनी हार्ड डिस्क त्यात घालता येते. निकाहचे, ईदचे, वारलेल्या दादीचे फोटो जागच्या जागी राहतात आणि विंडोज नव्या एसएसडीवर पळतं. मात्र दहा वर्षं फिरलेल्या डिस्कवर एकुलती एक प्रत ठेवणं धोक्याचं. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत रंगात दाखवतं. निळा ठीक, पिवळा म्हणजे आजच कॉपी करा. डिस्क 'टक टक' आवाज करत असेल तर ती सारखी चालू-बंद करून बघू नका, प्रत्येक वेळी नुकसान वाढतं.

रॅमची गोष्ट थोडक्यात. डीडीआर३ ला २०४ पिना, डीडीआर४ ला २६०, आणि खाच वेगळ्या जागी, त्यामुळे चुकीची बसतच नाही. जोर लावू नका. फसतं ते डीडीआर३ आणि डीडीआर३एल यांच्यात. पहिली दीड व्होल्टवर चालते, दुसरी १.३५ वर, आणि दोन्ही सारख्याच बसतात. चौथ्या पिढीपासूनच्या लॅपटॉपला 'एल'वालीच लागते. साधी टाकली की स्क्रीन काळी. आज ब्राउझर आणि ऑनलाइन क्लाससाठी ८ जीबी पुरते. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच डागलेली असते, तिथे वाढवता येत नाही. घेतानाच विचारलेलं बरं.

तापणं आणि धूळ

शिरवळ महामार्गावर आहे, एमआयडीसी शेजारी, आणि उन्हाळ्यात हवा कोरडी. पंख्याने ओढलेली धूळ जाते कुठे? प्रोसेसरवरून तांब्याची एक चपटी नळी निघते, ती पंख्यापाशी बारीक पत्र्यांच्या जाळीला जोडलेली असते. गरम हवा या जाळीतून बाहेर पडते. धूळ आणि गादीचा कापूस जाळीच्या आतल्या बाजूला बसून नमद्यासारखा थर तयार होतो. बाहेरून फुंकलं तर तो थर आत ढकलला जातो, निघत नाही. पंखा जोरात ओरडतो पण हवा येत नाही, प्रोसेसर शंभर अंशांजवळ गेला की स्वतःहून वेग कमी करतो, आणि आपण म्हणतो लॅपटॉप हँग झाला.

साफ करायचा तर उघडावा लागतो. चार्जर काढा, बॅटरी बाहेरची असेल तर काढा, आतली असेल तर मागचं झाकण उघडल्यावर सर्वात आधी तिचा कनेक्टर सोडवा. मग पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून ठेवा, म्हणजे उरलेला चार्ज जातो. सतरंजीवर किंवा पलंगावर बसून हे काम करू नका. लाकडी टेबल घ्या आणि अधूनमधून खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावा, अंगातली स्थिर वीज उतरते. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढून ज्या जागचा स्क्रू त्या जागी टोचून ठेवा. आखूड जागी लांब स्क्रू आवळला तर तो बोर्डात किंवा टचपॅडमध्ये घुसतो, आणि शंभर रुपयांचं काम हजारांत जातं. झाकणाच्या कडा उचकटायला जुनं एटीएम कार्ड उत्तम, पेचकस नको.

पंखा दोन स्क्रूंवर सुटतो. जाळीतला थर चिमट्याने उचलून काढा, मग ब्रश. ब्लोअर मारायचा असेल तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते नको तितक्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. तांब्याची नळी उचलली तर खालची पेस्ट बदलावीच लागते. जुनी, वाळलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि नवीन वाटाण्याच्या दाण्याहून लहान थेंब ठेवा. पेस्ट जास्त लावली म्हणजे जास्त थंड, असं नसतं. तिचं काम फक्त दोन पृष्ठभागांमधल्या केसाएवढ्या फटी भरायचं. बाजूच्या चिपांवर रबरासारखे पॅड असतील तर ते तसेच राहू द्या, त्यांच्या जागी पेस्ट चालत नाही कारण तिथली फट मोठी असते.

हे सगळं वाचून धडधडत असेल तर कारागिराकडे द्या. यात कमीपणा काही नाही. पण काय करायचंय ते माहीत असेल तर "मदरबोर्ड गेलाय" हे वाक्य ऐकून लगेच मान हलवली जाणार नाही.

बॅटरी, चार्जर आणि झिणझिण्या

जुन्या जाड बॅटरीत १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असे गोल सेल असतात, बहुतेक वेळा सहा. पातळ लॅपटॉपमध्ये चपट्या पिशव्या. दोन्ही लिथियमचे, आणि दोन्हींना उष्णता आणि कायम शंभर टक्के भरलेलं राहणं मानवत नाही. लॅपटॉप दिवसभर चार्जरवरच चालत असेल तर बायोसमध्ये किंवा कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये ८० टक्क्यांवर थांबवायची सोय आहे का बघा. थिंकपॅड आणि लॅटिट्यूडमध्ये बहुधा असते.

टचपॅड वर आलाय, झाकण नीट बसत नाही, टेबलावर ठेवलं की लॅपटॉप डुलतो: बॅटरी फुगली आहे. तिथेच वापर थांबवा, चार्जिंग बंद. टाचणीने हवा काढायचा प्रकार काही जण सांगतात, तो आग लावून घेण्याचा प्रकार आहे. मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा आणि काढून घ्या. बॅटरीशिवाय बहुतेक जुने लॅपटॉप चार्जरवर चालतात.

चार्जर बदलताना त्यावरचे दोन आकडे बघा. व्होल्ट जुळलाच पाहिजे, साधारण १९, १९.५ किंवा २०. अँपियर तेवढा किंवा जास्त चालतो, कमी नको. डेलच्या चार्जरच्या मधोमध बारीक पिन असते, तिच्यातून लॅपटॉप चार्जर ओळखतो. ती तुटली किंवा चार्जर नकली असला तर मशीन चालतं पण बॅटरी भरत नाही, आणि लोक विनाकारण नवीन बॅटरी विकत घेतात.

आणि ती झिणझिणी. चार्जर लावून लॅपटॉपच्या धातूच्या भागावर हात ठेवला की मुंग्या आल्यासारखं होतं. लॅपटॉप बिघडलेला नसतो, घरात अर्थिंग नसतं. चार्जरमधला एक छोटा कपॅसिटर अगदी थोडा करंट बाहेर सोडतो, तो तिसऱ्या जाड पिनेतून जमिनीत जायला हवा. जुन्या घरांत सॉकेट तीन पिनांचं दिसतं पण मागे अर्थची वायर जोडलेलीच नसते, किंवा आपण दोन पिनांचा कन्व्हर्टर लावलेला असतो. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. लॅपटॉपसाठी नाही म्हटलं तरी फ्रिज आणि गिझरसाठी ते जास्त गरजेचं आहे. वळवाच्या पावसात विजा सुरू झाल्या की चार्जर सॉकेटमधून काढा. नुसतं बटण बंद करणं पुरत नाही.

विंडोजचं काय

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी इंटेलची साधारण आठवी पिढी आणि टीपीएम २.० लागतं. त्याखालच्या मशीनवर आडमार्गाने ११ चढवून देणारे आहेत, पण पुढच्या अपडेटची खात्री नाही. ज्या लॅपटॉपवरून बँकेचे व्यवहार होतात त्यावर आम्ही लिनक्स मिंट सुचवू. फुकट आहे, ४ जीबी रॅमवर व्यवस्थित चालतं, मराठी टायपिंग होतं, फॉर्म भरता येतात. टॅली किंवा ऑटोकॅड लागत असेल तर मात्र विंडोजला पर्याय नाही, तिथे आठव्या पिढीचा सेकंडहँड घेणंच बरं.

दुकानात देताना

डेटा आधी काढून घ्या. विशेषतः घरातल्या बायका-मुलींचे फोटो, आधार-पॅनच्या प्रती, सेव्ह केलेले पासवर्ड. फक्त पंखा किंवा कीबोर्डचं काम असेल तर हार्ड डिस्क काढून घरी ठेवा आणि लॅपटॉप द्या; कारागिराला चाचणीसाठी त्याची स्वतःची डिस्क लावता येते. डिस्क द्यावीच लागली तर तिच्यावरचा सीरियल नंबर लिहून ठेवा. काढलेला जुना पार्ट परत मागा. बिटलॉकर चालू असेल तर काही दुरुस्त्यांनंतर मशीन ४८ आकडी रिकव्हरी की मागतं, ती ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे त्याचा पासवर्ड आधीच शोधून ठेवा.

विकायचा असेल तर फाईल डिलीट करून रिसायकल बिन रिकामा करणं म्हणजे पुसणं नव्हे. विंडोजच्या रीसेटमध्ये 'सगळं काढा' निवडून पुढे 'ड्राइव्ह स्वच्छ करा' हा पर्याय चालू करावा लागतो. मोठ्या हार्ड डिस्कवर त्याला कित्येक तास लागतात, म्हणून रात्री चार्जर लावून सुरू करा. अगदीच मेलेला लॅपटॉप भंगारात किलोवर देण्याआधी बॅटरी आणि डिस्क वेगळी काढा. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि जुनं मशीन रिसायकलिंगला पोचवण्याची जबाबदारी त्यांनी कंपन्यांवर टाकली आहे. ब्रँडच्या सर्व्हिस सेंटरला फोन करून ते कुठे जमा करतात ते विचारा.