गलगंड : एका ग्रंथीची कैफियत

डोंगराळ मुलखांतून गलगंडाचे रोगी पिढ्यान्‌पिढ्या दिसत आले. पण गळ्यांतील ही थायरॉइड ग्रंथि मुळांत वाढते कां, हें फारसें कोणी विचारलें नाहीं. वाढली आहे ना, मग कापावी, असाच शस्त्रवैद्यांचा सरळ हिशेब. बर्न येथें थिओडोर कोखर यांनीं हें काम इतक्या सफाईनें केलें कीं, ज्या शस्त्रक्रियेस पूर्वीं भलेभले वैद्य धजत नसत तींत मृत्यु क्वचितच होऊं लागला. परंतु संपूर्ण ग्रंथि काढलेल्या जुन्या रोग्यांस त्यांनीं पुन्हां बोलावून तपासलें, तेव्हां त्यांतील बहुतेक सुजलेले व बुद्धीनें जड झालेले आढळले. मुलांची तर वाढच खुंटली होती. कोखर यांनीं हें लपविलें नाहीं. १८८३ सालीं तें भर सभेपुढें मांडलें, आणि साध्या गलगंडासाठीं संपूर्ण ग्रंथि काढणें सोडून दिलें. १९०९ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. आम्हांस मात्र त्याहून ही कबुलीच मोठी वाटते.

१८२० सालींच जिनीव्हाच्या क्वांदे यांनीं गलगंडावर आयोडीन दिलें होतें. परंतु मात्रेचा विवेक न राहिल्यानें अपाय झाले व औषधच बदनाम झालें. १८९६ सालीं बाउमान यांनीं खुद्द ग्रंथींतच आयोडीन दाखविलें. पुढें प्राण्यांवरील प्रयोगांनीं उलगडा झाला कीं, मेंदूच्या तळाशीं असलेली पिट्युइटरी ग्रंथि एक रस धाडून थायरॉइडच्या पेशींस कामास लावते. रक्तांत थायरॉइडचा रस पुरेसा झाला कीं हा तगादा ओसरतो. आयोडीन नसल्यास रस होत नाहीं, तगादा वाढतो, आणि पेशीही वाढत जातात. म्हणजे कच्चा माल नसतां हुकूम बजावण्याची ही बिचाऱ्या ग्रंथीची धडपड! ग्रेव्हजच्या रोगाची गोष्ट निराळी. तेथें शरीरांतीलच एक प्रतिद्रव्य खोटा हुकूम देतें, व रक्तांत रस कितीही सांचला तरी तो मागें घेतला जात नाहीं. १९५६ सालीं न्यूझीलंडांत ॲडम्स व पर्व्हस यांस त्याचा माग लागला.

मिठाची कथा साधी आहे. अमेरिकेंत ॲक्रन येथें १९१७ पासून झालेल्या प्रयोगांत आयोडीन घेतलेल्या २१९० शाळकरी मुलींपैकीं ५ जणींची, तर न घेतलेल्या २३०५ पैकीं ४९५ जणींची ग्रंथि वाढली. आपल्याकडे कांग्रा खोऱ्यांत १९५६ पासून रामलिंगस्वामी प्रभृतींनीं कांहीं भागांस आयोडीनयुक्त व एका भागास साधें मीठ पुरविलें. तुलनेवांचून शास्त्र नाहीं हें खरें. तरी साध्या मिठाच्या वांट्यास आलेल्या मुलांचा विचार मनांतून जात नाहीं. १९६२ नंतर त्यांसही आयोडीन मिळूं लागलें, आणि तेथीलही गलगंड ओसरूं लागले.