सुरखाब, चक्रवाक आणि हतनूरचा गाळ

लहानपणी मी जास्त ऐट केली की दादी म्हणायची, "तेरे को क्या सुरखाब के पर लगे हैं?" शाळेत गुरुजींनी चक्रवाकाची गोष्ट सांगितली. रात्रभर नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना साद घालणारी ती जोडी. दादीचा सुरखाब आणि गुरुजींचा चक्रवाक हा एकच पक्षी, हे मला कळले तिशीत, हतनूरच्या काठावर.

भुसावळ तालुक्यातले हे ४१ दरवाजांचे धरण तापीवर १९८२ साली पूर्ण झाले. धरणाच्या वरच्या अंगाला, चांगदेवजवळ, पूर्णा तापीला मिळते. पाणी दोन्ही पात्रांत पसरले. ते अडवले होते शेतीसाठी, गावांसाठी, दीपनगरच्या वीजकेंद्रासाठी. पक्ष्यांसाठी धरण कोण बांधतो?

पण पूर्णेबरोबर वऱ्हाडची काळी माती येते. पूर्वी ती तापीबरोबर सुरतेकडे, खाडीच्या मुखाशी जाई. तिथल्या चिखलात किडे, शिंपले वाढत आणि त्यांवर पाणपक्षी जगत. धरणानंतर त्यातली बरीच माती इथेच बसू लागली. पाणी ओसरले की ओला गाळ उघडा पडतो. लांब पायांचे शेकाटे, तुरुतुरु धावणारे तुतवार त्यात चोची खुपसतात. उथळ पाण्यात पाणवनस्पती माजतात, त्यावर बदके उतरतात. लडाख-तिबेटात वीण करणारा चक्रवाकही हिवाळ्यात येतो. समुद्रापासून इतक्या दूर जणू खाडीचा तुकडाच तयार झाला. देशातल्या महत्त्वाच्या पक्षीक्षेत्रांत आज हतनूरची गणना होते.

आता अडचण अशी, की ज्या गाळाने पक्षी आणले, तोच धरण भरून टाकतो आहे. मूळ साठवण ३८८ दशलक्ष घनमीटरची, ती गाळाने घटते आहे. उन्हाळ्यात आमच्या नळाला पाणी नसते तेव्हा गाळ काढा असे मीही म्हणतो. काढायलाच हवा. मात्र तो भिंतीकडच्या खोल भागातला काढावा. संगमाकडचे उथळ काठ राखावेत आणि नोव्हेंबर ते मार्च तिकडे यंत्रे नेऊ नयेत.

पाणी मागणारे आणि पक्षी पाहणारे दोन काठांवर बसून नुसते ओरडत राहिले, तर दोघांच्याही हाती काही लागणार नाही. एका पक्ष्याची दोन नावे माझ्या घरात सुखाने नांदली. एका पाण्यावर दोन हक्क का नांदू नयेत?