प्रबंध : बांधणीचा शब्द

पीएचडीचा विद्यार्थी शेवटच्या आठवड्यात ग्रंथालयात कमी आणि बाइंडिंगवाल्याकडे जास्त दिसतो. रेक्झिनवर सोनेरी अक्षरं उमटली की प्रबंध ‘झाला’! शब्दालाही ते मान्य असावं. संस्कृत ‘बन्ध्’ म्हणजे बांधणं. त्याला ‘प्र’ लागून प्रबंध.

पदवीच्या कितीतरी आधी तो गाण्यात होता. देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवानं तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकरा’चा अख्खा अध्याय प्रबंध या गानप्रकाराला दिला. बंदिशही बांधलेलीच, फक्त फारसीतून आलेली.

हिंदीत तो व्यवस्थेकडे वळला. तिथला प्रबंधक म्हणजे आपला व्यवस्थापक.

कधी बांधलेलं उसवावंही लागतं. रुपयाच्या प्रश्नावरचा डॉ. आंबेडकरांचा प्रबंध १९२२ मध्ये लंडनला सादर झाला, परीक्षकांच्या आक्षेपांनंतर त्यांनी तो पुन्हा लिहून काढला आणि १९२३ मध्ये डीएस्सी मिळवली.