आभाळातला दगड कोणाचा?

आमच्या वाड्यावर एक गृहस्थ आहेत. उभे आयुष्य खाणींवर ट्रक चालवण्यात गेले, आता घरी असतात. एका संध्याकाळी ते कापडी पिशवीतून नारळाएवढा एक काळा दगड घेऊन आले आणि पडवीतल्या बाकावर ठेवला. हातात घेऊन पाहिला तर चांगलाच जड. डिचोलीकडच्या एका जुन्या खाणीजवळ अनेक वर्षांपूर्वी उचललेला. "मास्तर, हें मळबांतलें न्ही?" त्यांनी विचारले. आणि मी उत्तर द्यायच्या आत दुसरा प्रश्न: "हाचे कितले मेळटले?"

त्यांनी बातमी ऐकली होती. १६ जुलै २०२५ रोजी न्यूयॉर्कमध्ये सदबीजच्या लिलावात मंगळावरून आलेला २४.६७ किलोंचा एक अशनी ५३ लाख डॉलरांना गेला. अशनी म्हणजे आभाळातून येऊन जमिनीवर पोचलेला दगड. रात्री चमकून विझून जाते ती उल्का, खाली हाती लागतो तो अशनी. हा दगड २०२३ साली आफ्रिकेतल्या नायजर देशाच्या वाळवंटात सापडला होता. लिलाव झाल्यावर नायजरच्या सरकारला जाग आली आणि दगड देशाबाहेर गेला कसा याची चौकशी सुरू झाली.

मी घरातले चुंबक आणले. चिकटले, पण जेमतेम. मग न्हाणीघराच्या उरलेल्या पांढऱ्या टाइलची मागची खरबरीत बाजू घेतली आणि तिच्यावर दगड घासला. तांबडी रेघ उठली. म्हणजे आपले घरचेच लोहखनिज. अशनी अशी तांबडी रेघ सहसा ओढत नाही. ताज्या अशनीवर वितळून झालेली पातळ काळी साल असते, आणि बहुतेकांच्या आत निकेलमिश्रित लोखंडाचे कण चमकतात. गृहस्थांचा चेहरा उतरला. पण त्यांचा दुसरा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. किती मिळतील हे एक झाले. पण कोणाला मिळतील? आभाळातून पडलेल्या दगडाचा मालक कोण?

हा प्रश्न जुना आहे. ७ नोव्हेंबर १४९२ रोजी आल्सास प्रांतातल्या एन्सिसहाइम गावाबाहेर गव्हाच्या शेतात मोठ्या आवाजासह सुमारे १२७ किलोंचा दगड पडला. लोक धावले ते आधी तुकडे फोडायलाच! पुढे राजा मॅक्सिमिलियन तिथे आला. त्याने दगड आपल्याला शुभ ठरवला, स्वतःसाठी तुकडे घेतले आणि बाकीचा देवळात ठेवायला लावला. साखळीने बांधून. दगड पुन्हा आभाळात उडून जाऊ नये म्हणून बांधला अशी मौजेची गोष्ट सांगतात; मला वाटते, खरी धास्ती हातोडी घेऊन येणाऱ्यांची असावी. आज त्याचा निम्म्याहून कमी भाग गावात उरला आहे. पण उरला आहे हे महत्त्वाचे. त्या गावात अशनीच्या राखणदारांचे एक मंडळ आहे आणि जून महिन्यात तिथे जगभरच्या अशनी विकणाऱ्यांची जत्रा भरते. राखणदार आणि व्यापारी एकाच मांडवात. हे चित्र मला फार बोलके वाटते.

पुढची तीनशे वर्षे युरोपातले विद्वान आभाळातून दगड पडतात हेच मानत नव्हते. शेतकरी सांगत, विद्वान हसत. १७९४ साली ख्लाड्नी या जर्मन शास्त्रज्ञाने धाडस करून लिहिले की हे दगड खरोखर बाहेरून येतात. त्याला पक्का पुरावा मिळाला त्यात आपल्या देशाचा हात आहे. १७९८ च्या डिसेंबरात बनारसजवळ क्राखुत येथे दगड पडले, ते इंग्लंडला गेले आणि १८०२ साली एडवर्ड हॉवर्डने इतर ठिकाणच्या दगडांबरोबर ते तपासले. सगळ्यांत निकेल सापडले. ख्लाड्नी स्वतः हौशी संग्राहक होता. त्याचा संग्रह पुढे बर्लिनच्या संग्रहालयात गेला.

कोलकात्याचेही तसेच. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे पहिले प्रमुख थॉमस ओल्डहॅम यांनी १८६० च्या दशकात मँचेस्टरच्या रॉबर्ट ग्रेग या हौशी माणसाचा संग्रह कोलकात्यासाठी विकत घेतला. म्हणजे ज्या सरकारी खात्याकडे आज भारतात पडणाऱ्या अशनींची राखण आहे, त्याच्या कपाटांची भरती एका छंदिष्टाच्या खरेदी-विक्रीतून झाली आहे.

या छंदाची सर्वांत चांगली कथा मात्र अमेरिकेतल्या कॅन्ससची. तिथल्या गवताळ सपाटीवर मैलोन्‌मैल दगड दिसत नाही. आमच्यासारखे नव्हे, आमच्याकडे जांभा, खनिज, काळा पाषाण पायाला ठेच लागेल तिथे. कॅन्ससमध्ये नांगराला दगड लागला तर तेच नवल. १८८० च्या दशकात ब्रेनहॅम परिसरात राहायला आलेल्या शेतकऱ्यांना जमिनीत काळे, अतिशय जड दगड मिळत. कोणी ते गवताच्या गंजीवर वजन म्हणून ठेवी, कोणी पावसाच्या पाण्याच्या पिंपाचे झाकण त्याने दाबी. एलायझा किंबर्ली नावाच्या बाईला लहानपणी पाहिलेला अशनी आठवत होता. तिने हे दगड गोळा करून अंगणात रास घातली. नवरा वैतागला, शेजारी हसले. बाईने कॉलेजातल्या लोकांना पत्रे लिहिण्याचा सपाटा लावला. शेवटी १८९० साली वॉशबर्न कॉलेजचे प्राध्यापक क्रॅगिन आले, पाहून थक्क झाले आणि पैसे मोजून काही दगड घेऊन गेले. त्या पैशांतून शेतावरचे कर्ज फिटले असे सांगतात. मग हसणाऱ्या शेजाऱ्यांनीही आपापल्या गंजीवरचे दगड उतरवले!

त्याच राज्यात हार्वी निनिंजर हा जीवशास्त्राचा शिक्षक होता. ९ नोव्हेंबर १९२३ च्या रात्री त्याने रस्त्यावरून जाताना एक प्रचंड अग्निगोल आभाळ चिरत गेलेला पाहिला आणि त्याचे आयुष्य बदलले. तो गोल कुठे पडला असेल याचा हिशेब करत तो गावोगाव हिंडला, लोकांना दगड शोधायला लावले. त्या रात्रीचा अशनी काही मिळाला नाही, पण शोधताना दुसरेच अशनी हाती आले. तेव्हा त्याला उमगले की दगड पडून आहेत, पाहणारे डोळे नाहीत. वॉशिंग्टनच्या संग्रहालयातल्या तज्ज्ञाने त्याला बजावले होते की सारा जन्म घालवलास तरी फार तर एक अशनी सापडेल. निनिंजरने शाळांत व्याख्याने दिली, नमुने हाताळायला दिले आणि पौंडाला एक डॉलर असा भाव जाहीर केला. मंदीच्या दिवसांत शेतकऱ्याला डॉलर म्हणजे काय ते सांगायला नको. दाराला अडसर म्हणून ठेवलेले दगड बाहेर येऊ लागले. १९३० साली नोकरी सोडून त्याने यालाच वाहून घेतले, आणि १९४६ साली ॲरिझोनात स्वतःचे संग्रहालय काढले.

घर चालवायला तो अशनी कापून तुकडे विकत असे. यावरून शास्त्रज्ञांनी त्याला नावे ठेवली. विज्ञानाचा माल बाजारात आणला म्हणाले. संग्रह एकत्र राहावा म्हणून तो गिऱ्हाईक शोधत होता. शेवटी १९५८ साली एक हिस्सा ब्रिटिश म्युझियमने घेतला आणि उरलेला १९६० साली ॲरिझोना स्टेट विद्यापीठाने. नावे ठेवणाऱ्यांचे विद्यार्थी आज त्याच नमुन्यांवर काम करतात. मला विचाराल तर निनिंजरचे तुकडे विकणे मला खटकत नाही. त्याने एक तुकडा विकला आणि दहा दगड वाचवले.

पण बाजाराची दुसरी बाजूही आहे, ती लपवून चालणार नाही. ओरेगन राज्यात विलामेट नावाचा सुमारे १४ हजार किलोंचा लोखंडी अशनी होता. तिथल्या क्लॅकमस आदिवासींचे ते दैवत, तोमानोवोस. १९०२ साली एलिस ह्यूज या माणसाने तो पाहिला. जमीन पोलाद कंपनीची. मुलाला आणि घोड्याला हाताशी धरून त्याने कित्येक महिने खपून तो हजारो किलोंचा दगड आपल्या हद्दीत ओढून आणला आणि पंचवीस सेंटांचे तिकीट लावून लोकांना दाखवू लागला. कंपनी कोर्टात गेली. १९०५ साली निकाल कंपनीच्या बाजूने लागला. एका श्रीमंत बाईने दगड विकत घेऊन न्यूयॉर्कच्या संग्रहालयाला दिला. ह्यूजचे काय, कंपनीचे काय, कोर्टात भांडण झाले ते या दोघांचेच. ज्यांचा तो देव होता त्यांना संग्रहालयाने वर्षातून एकदा पूजेसाठी येऊ द्यायचे ठरवले ते २००० साली.

अमेरिकेतला नियम त्याआधीच ठरला होता. १८९० साली आयोवात पडलेला दगड एकाने खणून काढून १०५ डॉलरांना विकला. १८९२ साली कोर्टाने सांगितले की दगड जमीनमालकाचा, उचलणाऱ्याचा नव्हे. आर्जेन्टिनात उलटे. १९९० साली रॉबर्ट हाग या अमेरिकन व्यापाऱ्याने कांपो देल सिएलो येथला अवाढव्य अशनी बाहेर नेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्याला अटक झाली. डेन्मार्कने मधला मार्ग काढला आहे. तिथे अशनी सरकारचा, पण आणून देणाऱ्याला मोबदला मिळतो.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे अशनी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे जायचा असतो. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यातल्या काटोलला भर दुपारी अशनी पडले आणि घराघरांतून तुकडे गोळा करावे लागले. १७ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरातमध्ये दियोदर तालुक्यात एक तुकडा लिंबाच्या झाडावर आपटला, दुसरा शेजारच्या गावात ओसरीच्या फरशीवर फुटला. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने तो तपासला तर तो ऑब्राइट निघाला. या जातीचा अशनी आपल्या देशात त्याआधी एकदाच पडल्याची नोंद आहे, १८५२ साली बस्ती येथे. बस्तीच्या दगडात एक नवे खनिज सापडले होते, त्याला ओल्डहॅमाइट हे नाव दिले ते त्याच थॉमस ओल्डहॅमांवरून. हे खनिज पाणी लागले की टिकत नाही. ऑगस्टमधला पाऊस मनात आणा. कोणी तुकडा परसात टाकून दिला असता आणि आठ दिवसांनी सांगितले असते, तर त्यातले बरेच गेले असते.

म्हणून मला वाटते, मालकी कोणाची हा कोर्टाचा प्रश्न झाला. दगडाचा प्रश्न वेगळा आहे. ज्याच्या ओसरीवर तो पडला त्याला तो लगेच घेऊन यावेसे वाटते का? नुसता नियम दाखवला तर तो उशीखाली लपवील. नुसता बाजार मोकळा सोडला तर तुकडे कुरिअरने परदेशी जातील आणि दगड कुठे पडला ही नोंदही पुसली जाईल. वाळवंटातून आलेल्या कितीतरी अशनींचे तसेच झाले आहे; आज कपाटात आहेत, पण कुठल्या वाळूतून उचलले ते नक्की कोणी सांगू शकत नाही. डेन्मार्कसारखा मोबदला आणि शेजारी उचलणाऱ्याचे नाव लिहिलेली चिठ्ठी, एवढे केले तरी पुष्कळ. किंबर्लीबाईच्या अंगणातली रास मला त्यासाठीच आठवते.

आमच्या गृहस्थांना मी हे सगळे सांगितले. त्यांना आवडले ते किंबर्लीबाईंचे. दगड मात्र ते परत घेऊन गेले. परवा त्यांच्याकडे गेलो तेव्हा परसात जळाऊ लाकडांवर पावसासाठी ताडपत्री घातलेली होती आणि तिच्या एका कोपऱ्यावर तो दगड ठेवलेला होता. चुंबक अजून त्यांच्याकडेच आहे. आता ते वाटेत दिसेल त्या काळ्या दगडाला लावून पाहतात.