पाऊलखुणांची लिपी : हिमालयाच्या बर्फात आणि गौताळ्याच्या धुळीत

हिवाळ्यात डोंगरवाटा तुडवणाऱ्या गिरिप्रेमींना वन्यप्राणी क्वचितच दिसतात; त्यांच्या पाऊलखुणा मात्र हमखास भेटतात. हिमालयात त्या बर्फावर उमटतात, तर मराठवाड्यात वाटेवरच्या फुफाट्यात आणि पाणवठ्याकाठच्या ओल्या मातीत. माध्यम वेगळे असले, तरी त्या वाचण्याचे नियम बरेचसे सारखेच आहेत.

जालना शहरातील मस्तगड परिसरात बर्फ पडण्याचा प्रश्नच नाही. तथापि, येथील भटक्यांना ही लिपी शिकण्यासाठी गौताळा औट्रमघाट अभयारण्य सोयीचे आहे. छत्रपती संभाजीनगरमार्गे कन्नड गाठल्यावर सातमाळा-अजिंठा डोंगररांगांतील हे जंगल सुरू होते. १९८६ मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर आहे. बिबट्या, तरस, कोल्हा, रानडुक्कर, नीलगाय असे प्राणी येथे आढळतात. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक वाघ मार्च २०२१ मध्ये येथील कॅमेऱ्यात टिपला गेला होता.

ठसा कोणाचा?

मांजर कुळातील प्राणी चालताना नखे आत ओढून घेतात. त्यामुळे वाघ-बिबट्याच्या ठशात चार बोटे आणि मोठी गादी दिसते, नखे सहसा दिसत नाहीत. ठसा गोलसर असतो आणि गादीच्या मागील कडेला तीन फुगवटे असतात. कुत्रा, कोल्हा व लांडगा यांचा ठसा लांबट असून नखांच्या खुणा स्पष्ट उमटतात. तरसाचीही नखे उमटतात. मात्र त्याचे पुढचे पाऊल मागच्यापेक्षा ठळकपणे मोठे असते. अस्वलाची पाच बोटे व लांब नखे दिसतात आणि मागचे पाऊल माणसाच्या तळव्याची आठवण करून देते. ससा उड्या मारत जातो, म्हणून त्याच्या मागच्या पायांचे ठसे पुढच्या पायांच्या पुढे पडतात.

बर्फाचा चकवा

ताज्या बर्फावर ठसा रेखीव उमटतो; ऊन चढले की कडा वितळून तो पसरतो. अस्वलाच्या पुढच्या पावलाच्या ठशावर मागचे पाऊल पडले, तर एकच अवाढव्य पाऊल भासते. एप्रिल २०१९ मध्ये भारतीय लष्कराच्या गिर्यारोहण पथकाने मकालू तळाजवळ पाहिलेले ८१ बाय ३८ सेंटिमीटरचे ठसे 'यती'चे म्हणून गाजले. अभ्यासकांनी मात्र अस्वलाकडे बोट दाखवले.

चुकीच्या वाचनाची किंमत मोठी असते. ठशांवरून वाघ मोजण्याची पद्धत देशात अनेक वर्षे रूढ होती. राजस्थानातील सरिस्का प्रकल्पात कागदोपत्री वाघ नोंदले जात असताना, तेथे एकही वाघ उरला नसल्याचे २००५ मध्ये उघड झाले. त्यानंतर कॅमेरा सापळ्यांवर आधारित गणना स्वीकारली गेली.

म्हणून ठसे निरुपयोगी ठरले, असे मात्र नाही. २०१९ ते २०२३ या काळातील हिमबिबट्यांच्या देशव्यापी पाहणीत पथकांनी १३,४५० किलोमीटर वाटांवर खुणा शोधल्या आणि १,९७१ ठिकाणी कॅमेरे लावले. त्यातून देशात ७१८ हिमबिबटे असल्याचा अंदाज निघाला. त्यांपैकी ४७७ एकट्या लडाखमध्ये आहेत. प्राणी कोठे वावरतो हे ठसा सांगतो. किती आहेत, हे कॅमेरा सांगतो.

भटकंती करताना

सकाळचे तिरपे ऊन ठसे पाहण्यास उत्तम. छायाचित्र घेताना शेजारी मोजपट्टी किंवा नाणे ठेवावे. एकाच ठशावर निष्कर्ष न काढता पुढची चार-पाच पावले तपासावीत. ताज्या ठशांचा माग काढत झाडीत शिरू नये. अभयारण्यात वन विभागाची परवानगी आणि स्थानिक वाटाड्या सोबत असावा.

हे ज्ञान गावशिवारातही उपयोगी पडते. कुत्र्याच्या किंवा तरसाच्या ठशावरून 'बिबट्या आला' अशी आवई उठली, की शेतकरी रात्रीच्या पाण्याच्या पाळीवर जायला धजावत नाहीत. खरा ठसा दुर्लक्षिला, तर जीवावर बेतू शकते. संशयास्पद ठसा पुसू न देता त्यावर घमेले झाकावे आणि वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवावे.