वंगणाची नळी

आमच्या गोठ्याच्या आढ्याला अजून एक बांबूची नळी टांगलेली आहे. हातभर लांबीची, खालचं पेर तसंच राखलेलं, आत वाळून दगड झालेला काळा थर. आजोबांच्या बैलगाडीची ही वंगणाची नळी. एरंडेल तेलात जळक्या चिंध्यांची राख कालवून ते वंगण करत आणि नळी गाडीखाली बांधून ठेवत. तंबाखूचे बोद भरून गाडी निपाणीच्या वखारीकडे निघायची, त्याच्या आदल्या संध्याकाळी कण्याची खीळ काढायची, चाक वीतभर बाहेर ओढायचं आणि चिंधी गुंडाळलेल्या काठीनं आत वंगण फासायचं. नवं लावण्याआधी जुनं पुसून काढायचं, असा त्यांचा दंडक होता. जुन्यात माती असते आणि मातीनं कणा खातो.

यंदा वळवाच्या तोंडावर आम्ही जुनी बोलेरो पिकअप घेतली आणि या नळीची आठवण रोज येऊ लागली.

आमच्या निपाणीला रेल्वे नाही. मिरजेहून लोंढ्याकडे जाणारा लोहमार्ग चिकोडी रोड स्टेशनावरून पूर्वेकडूनच निघून गेला. 1891 साली कोल्हापूरला रेल्वे आली, पण तीही तिथंच थांबली. मधला विड्यांच्या तंबाखूचा सगळा मुलूख रस्त्यावरच राहिला. पुणे-बंगळूर रस्ता हीच आमची रेल्वे. म्हणून आमच्याकडे चाक, कणा आणि वंगण यांचं शहाणपण घराघरात मुरलं. लाकडी चाकाला लोखंडी धाव होती, मग रबरी टायरची गाडी आली, तिला सगळे डनलॉपच म्हणत. कण्याच्या जागी बेअरिंग आलं आणि एरंडेलाच्या जागी डब्यातलं ग्रीस. आजोबांनी मात्र या टायरच्या गाडीलाही लाकडी चाकाच्याच नेमानं राखलं.

1981 च्या मार्चमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी निपाणीजवळ हाच रस्ता अडवला, तेव्हा आमची बैलगाडीही तिथं उभी होती. मी दहा वर्षांचा होतो. वडिलांसाठी, म्हणजे आप्पांसाठी, आईनं बांधून दिलेल्या भाकऱ्या घेऊन मी तिथं गेलो होतो. बैल सोडलेले, गाड्यांची जुवं जमिनीला टेकलेली आणि डांबरावर बसलेली माणसं, एवढं डोळ्यांसमोर आहे. 6 एप्रिलला गोळीबार झाला. त्या दिवसाबद्दल आप्पा घरात कधी बोलले नाहीत.

पुढं चार-पाच वर्षांनी आप्पांनी जुनी मॅटाडोर घेतली. फिरोदियांच्या बजाज टेम्पोची ही गाडी. त्या कंपनीनं 1958 पासून आधी तीनचाकी बनवली आणि तिच्यामुळं टेम्पो हा शब्दच मराठीत माल वाहणाऱ्या कुठल्याही छोट्या गाडीला चिकटला. आमच्या भागात नवी गाडी फार थोड्यांनी घेतली. पुण्या-मुंबईत दहा वर्षं राबलेली गाडी इकडं यायची आणि इथं तिचा दुसरा जन्म व्हायचा. त्यामागं एक कारण होतं. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आणि बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर बसलेली माणसं होती. क्रँक घासून मिळे, बुश कातून मिळे, न मिळणारा भाग नमुन्यावरून ओतून मिळे. उसाच्या गुऱ्हाळांची ऑईल इंजिनं दुरुस्त करता करता हे हात तयार झाले होते. जुनी गाडी घेणारा माणूस त्यांच्याच भरवशावर पैसे मोजत होता, असं मला आज वाटतं.

आमच्या पिकअपला एमएच-07 नंबर होता, म्हणजे सिंधुदुर्ग. मीटरवरच्या आकड्याकडं निपाणीच्या मिस्त्रींनी पाहिलंही नाही. त्यांनी क्लचच्या पेडलचं रबर पाहिलं, ते गुळगुळीत झालं होतं. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचले, 2318, म्हणजे 2018 सालचा तेविसावा आठवडा. मग गाडी खड्ड्यावर घेऊन बॅटरी खाली धरली आणि म्हणाले, ‘‘काका, ही मासळीची गाडी हाय.’’

चॅसीच्या मागच्या अर्ध्या भागावर गंजाचे पापुद्रे सुटले होते, पुढचा भाग तेवढा खराब नव्हता. बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं हौद्यातून खाली ठिबकलं होतं. देवगडहून फोंडा घाट चढून राधानगरीवरून निपाणीला येणारा रस्ता आम्हाला जवळचा, आंबा आणि मासळी त्याच वाटेनं येते. ही गाडी आमच्या दारावरून कितीदा गेली असेल! डिफ्रन्सचं, म्हणजे डिफरन्शियलचं, ऑईल काढलं तर दुधासारखं पांढुरकं निघालं. आत पाणी शिरलं होतं. रेतीत उतरवून माल भरला असेल, असा त्यांचा अंदाज.

मला वाटलं होतं, आधी इंजिन ऑईल बदलतील. पण त्यांनी पहिला हात ब्रेकच्या पाइपला घातला. मागच्या चाकांकडं जाणारा लोखंडी पाइप नखानं खरवडला तर पापुद्रा निघाला. निपाणी सोडून बेळगावकडं निघालं की तवंदी घाट लागतो. भरल्या गाडीनं उतरताना तिथं पाइप फुटला तर गाडीत ऑईल नवं आहे याचा काय उपयोग? म्हणून पाइप नवे, लायनर नवे, व्हील सिलेंडरचे रबर नवे आणि ब्रेक ऑईल पूर्ण काढून ताजं. ब्रेक ऑईल हवेतली ओल ओढून घेतं. घाटात ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल पोकळ लागतं. हे त्यांनी माझ्या मुलाला दोनदा समजावून सांगितलं, आणि त्यासाठी मी त्यांचा ऋणी आहे.

मग बाकीचं. इंजिन, गियरबॉक्स आणि डिफ्रन्स, तिन्हींचं ऑईल. डिझेल फिल्टर. तंबाखूचा भुका एअर फिल्टरात बसतो, म्हणून आमच्याकडं तो लवकर बदलावा लागतो. रेडिएटरचं गंजकं पाणी काढून कूलंट. पाट्यांचे यू-बोल्ट आणि चाकांचे नट आवळून घेतले.

मिस्त्रींचा मदतनीस पोरगा कानडी. ‘गाली’ बघ, ‘गाळी’ भर, असं तो पुटपुटत होता. कानडीत गाली म्हणजे चाक आणि गाळी म्हणजे हवा, एका अक्षराचा फरक. मिस्त्री मराठीत सांगतात, तो कानडीत उत्तर देतो आणि पाना बरोबर हातात येतो.

कागदांचं काम त्याहून लांबलं. कोल्हापूरची गाडी एमएच-09 आणि आमची केए-23, मध्ये कागलचा नाका. 1956 पर्यंत आमचा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातच होता. 1 नोव्हेंबरला तो म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड तालुका तेवढा कोल्हापूरकडं आला. तेव्हापासून सोयरिकी, बाजार, मिस्त्री सगळे दोन्हीकडचे, फक्त पाटी वेगळी. परराज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर नवा नंबर घ्यावा लागतो. फॉर्म 28 ची एनओसी, चॅसी नंबरवर कागद धरून पेन्सिलीनं उठवलेला ठसा, इथला कर नव्यानं. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला फिटनेस दरवर्षी. हा खर्च धरल्याशिवाय आमच्या भागात जुन्या गाडीचा सौदा करू नये, असं मी प्रत्येकाला सांगतो.

शेवटी ग्रीस. जॉइंट क्रॉसच्या निपलला गन लावून मिस्त्री दाबत राहिले. आधी काहीच नाही, मग करकर आवाज करत काळं, रेती मिसळलेलं निघालं. ते फडक्यानं पुसलं, पुन्हा दाबलं, पुन्हा पुसलं. स्वच्छ ग्रीस कडेनं डोकावेपर्यंत त्यांनी हात थांबवला नाही. मी तिथं खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसून आजोबांची चिंधीची काठी पाहत होतो.

या गाडीच्या आधीच्या मालकानं कधी काय बदललं, याचा एक शब्द कुठं सापडला नाही. म्हणून मी पेंटरकडून पांढरा रंग मागून घेतला आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला लिहिलं: ब्रेक पाइप नवे, तिन्ही ऑईल नवं, ग्रीस केलं. खाली तारीख आणि मीटरचा आकडा. त्याखाली दोन ओळींची जागा मोकळी ठेवली आहे. पुढचं ग्रीसिंग खंडेनवमीच्या आधी.