पोस्टाने शिकलेलं चित्र

२०२०च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि सगळे तास मोबाइलमध्ये शिरले. गणित, विज्ञान, इंग्रजी कसंबसं बसवलं गेलं. चित्रकलेचा तास मात्र बऱ्याच ठिकाणी पहिल्या झटक्यात उडाला (पी.टी.च्या तासाबरोबर, नेहमीप्रमाणे). कारण ठरलेलं: चित्रकला काय लांबून शिकवायची? सर शेजारी उभे राहून रेघ मारून दाखवतात, तेव्हा कुठे जमतं!

ऐकायला बरोबर वाटतं. पण थोडा इतिहास चाळला की कळतं, लांबून चित्रकला शिकवणं हे इंटरनेटच्या कितीतरी आधीचं आहे. आणि त्यातल्या काही गोष्टी वाचताना मला तर असं वाटायला लागलं की घाबरलेल्या, कंटाळलेल्या, घरात अडकलेल्या मुलासाठी हे लांब असणं कधीकधी सोयीचंच असतं. कसं ते सांगतो.

सुरुवात अमेरिकेतल्या सेंट पॉल शहरातून करू. १९४०च्या सुमाराची गोष्ट. एक कमालीचा लाजाळू मुलगा नुकताच हायस्कूल संपवून बसलाय. वडिलांचं केशकर्तनालय. पोराची चित्रं शाळेच्या वार्षिक अंकानेसुद्धा नाकारलेली. 'तुम्हाला चित्र काढायला आवडतं का?' अशा अर्थाची एक जाहिरात आईच्या नजरेस पडली आणि मुलाचं नाव पत्राद्वारे चित्रकला शिकवणाऱ्या संस्थेत घातलं गेलं. फी १७० डॉलर. वडिलांनी ती हप्त्याहप्त्याने कशीबशी फेडली.

आता गंमत बघा. ही संस्था होती मिनिॲपोलिसमध्ये, म्हणजे शेजारच्याच शहरात. मधे मिसिसिपी नदी, एवढंच. ठाणे-मुलुंड म्हणा ना. पठ्ठ्या चित्रं घेऊन सरळ जाऊ शकला असता, पण तो ती पोस्टानेच पाठवायचा. शिक्षक ती तपासून, दुरुस्त्या सुचवून परत पाठवायचे. लहान मुलं कशी काढायची या धड्यात त्याला मिळाला 'सी प्लस'.

हा मुलगा म्हणजे चार्ल्स शुल्झ. पुढे त्याने जवळजवळ पन्नास वर्षं (१९५० ते २०००) 'पीनट्स' ही चित्रमालिका काढली. चार्ली ब्राऊन, स्नूपी, लायनस वगैरे मंडळी त्याचीच. लहान मुलं काढण्यात सी प्लस मिळवणाऱ्या माणसाने आयुष्यभर लहान मुलंच काढली! आपल्याकडच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांत ज्यांची ग्रेड हुकली, त्यांनी हे लक्षात ठेवावं :)

पण मला यश-बिश यापेक्षा ते पोस्टाचं पाकीट जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या वर्षांत त्याच्या घरी आई कॅन्सरने आजारी होती. १९४३च्या सुरुवातीला ती गेली आणि त्याच सुमारास त्याला सैन्यात जावं लागलं. अशा घरात बसून तो ठरलेले धडे काढत होता आणि पाकिटं टाकत होता. वर्गात असतं तसं चित्र बिघडताना बघायला शेजारी कोणी नव्हतं. पण पाकीट गेलं की उत्तर येणार, हे नक्की होतं. महायुद्धानंतर १९४६मध्ये तो त्याच संस्थेत शिक्षक म्हणून रुजू झाला आणि दुसऱ्यांची पाकिटं उघडायला लागला. चार्ली ब्राऊन हे नावसुद्धा तिथल्याच एका सहकाऱ्याचं.

उत्तर म्हणजे काय, तेही पाहण्यासारखं आहे. १९४८मध्ये वेस्टपोर्टला 'फेमस आर्टिस्ट्स स्कूल' सुरू झालं. नॉर्मन रॉकवेलसारखे बडे चित्रकार त्याच्याशी जोडलेले. तिथे विद्यार्थ्याच्या चित्रावर पारदर्शक कागद ठेवून शिक्षक त्यावर दुरुस्ती काढत आणि सोबत पत्र लिहीत. मूळ चित्राला धक्का नाही. आपल्या धंद्यातल्या लोकांना हे लगेच कळेल: हा चक्क कोड रिव्ह्यू आहे! तुमची फाइल तशीच, बदल वेगळा दाखवलेला, आणि पटला तरच घ्यायचा.

आता दुसरा धागा. चित्राने मन हलकं होतं, हे कोणी शोधून काढलं? शोध कसला, ते सगळ्यांना माहीतच होतं. पण त्याला 'आर्ट थेरपी' हे नाव दिलं एड्रियन हिल या इंग्रज चित्रकाराने, १९४२मध्ये. पहिल्या महायुद्धात हा माणूस आघाडीवर जाऊन युद्धाची चित्रं काढत होता. १९३८मध्ये त्याला क्षयाने गाठलं आणि मिडहर्स्टच्या सॅनेटोरियममध्ये ठेवलं. तेव्हा क्षयावर अँटिबायोटिक नव्हतं. इलाज म्हणजे विश्रांती, स्वच्छ हवा आणि महिनोन्‌महिने खाटेवर पडून राहणं. हिल पडल्या पडल्या हाताशी दिसतील त्या वस्तू काढायला लागला. त्यात त्याला स्वतःलाच बरं वाटायला लागलं, मग तो शेजारच्या रोग्यांना शिकवू लागला. पुढे युद्धात जखमी होऊन आलेले सैनिकही त्यात आले. हे सगळं त्याने १९४५च्या आपल्या पुस्तकात मांडलं.

आणि हाच हिल पन्नाशीच्या दशकात बीबीसीवर मुलांसाठी 'स्केच क्लब' घेऊन आला. म्हणजे रोग्याच्या खाटेशेजारी बसून जे चालायचं, ते पडद्यावरून घरोघरी. पुढे बीबीसीवरच 'व्हिजन ऑन' (१९६४ ते १९७६) आलं. ते मुख्यतः कर्णबधिर मुलांसाठी होतं, त्यामुळे बोलणं कमी आणि चित्रं जास्त. टोनी हार्ट त्यात चित्रं काढायचा. पण मुलं वाट बघायची ती 'गॅलरी'ची. मुलांनी पोस्टाने पाठवलेली चित्रं त्यात नाव आणि वयासकट दाखवली जायची. चित्र परत मिळणार नाही हे आधीच सांगितलेलं असायचं, तरी पाकिटांचा ढीग पडायचा.

बॉब रॉसचं नाव घेतल्याशिवाय हा विषय संपत नाही. वीस वर्षं अमेरिकन हवाई दलात काढलेला हा माणूस १९८३ ते १९९४ या काळात टीव्हीवर हळू आवाजात डोंगर आणि झाडं रंगवत राहिला. एकूण ४०३ भाग. बघून शांत वाटतं यात शंका नाही. पण बघणाऱ्यांतल्या बहुतेकांनी ब्रश हातात घेतलाच नाही! बघणं आणि काढणं यात फरक आहे. २०१६मध्ये ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी ३९ प्रौढांना ४५ मिनिटं चित्र, कोलाज, माती यांपैकी हवं ते करायला दिलं आणि आधी-नंतर कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित हार्मोन मोजलं. साधारण ७५ टक्के लोकांत ते कमी झालं. हात बसलेला असो वा नसो, त्याने विशेष फरक पडला नाही. (प्रयोग छोटा होता आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, तेव्हा लगेच झेंडे नाचवायला नकोत.)

मग २०२०. युनेस्कोच्या हिशोबाने जगभरात दीडशे कोटींहून जास्त विद्यार्थी घरी. अमेरिकेत मो विलेम्सने मार्चमध्ये आपल्या स्टुडिओतून मुलांसाठी दुपारच्या जेवणाच्या वेळी डूडल काढणं सुरू केलं. ब्रिटनमध्ये ग्रेसन पेरीने चॅनल फोरवर 'आर्ट क्लब' चालवला, लोकांची चित्रं मागवली आणि त्यांचं मँचेस्टरला चक्क प्रदर्शन केलं. म्हणजे पुन्हा गॅलरीच.

आपल्याकडे? माझी मावशी सांगलीकडे चित्रकला शिक्षिका आहे. तिच्या शाळेला तेव्हा फक्त एक एक्सेल शीट हवं होतं: किती मुलांनी फोटो पाठवला, हो की नाही. तिने ते भरलं. पण त्याशिवाय ती प्रत्येक चित्राला व्हॉइस मेसेजवर एक प्रश्न विचारून उत्तर द्यायची. "या खिडकीच्या गजांवर एवढा वेळ का घालवलास रे?" वडील फोन घेऊन कामावर जाणाऱ्या घरांतली चित्रं रात्री नऊनंतर यायची. तिची उत्तरंही मग रात्रीच जायची. एक मुलगा कुकर काढून पाठवायचा, सलग आठ दिवस, तोच कुकर. तिने एकदाही विषय बदल म्हणून सांगितलं नाही. आठव्या दिवशी कुकरशेजारी आजी आली.

शीटमध्ये याला रकाना नव्हता, आणि माझी खरी तक्रार तीच आहे. शुल्झची पाकिटं, टोनी हार्टची गॅलरी, मावशीचे व्हॉइस मेसेज, सगळ्यांत तंत्र वेगळं पण सूत्र एकच. काढणाऱ्याला एकटं सोडायचं आणि काढून झाल्यावर मात्र एकटं सोडायचं नाही. व्हिडिओ कितीही चांगला बनवा, हे दुसरं काम तो करत नाही. त्यासाठी पलीकडे वेळ असलेला माणूस लागतो.

पुन्हा कधी शाळा बंद पडल्या, पुराने म्हणा की साथीने, तर चित्रकलेचा तास पहिला उडवू नका. आणि तो ठेवलात, तर उत्तर देणाऱ्या बाईंचा वेळही वेळापत्रकात धरा.